पाच तिकिटं झाली तरच शो!

दिवाळी-नाताळ मोठ्या हिंदी पिक्चरांना, आणि मार्च आला की वर्षभर डब्यात पडलेला मराठी माल एकदम बाहेर! दहावीच्या परीक्षा, आयपीएल तोंडावर. काय मुहूर्त काढलाय! एकाच शुक्रवारी चार-चार पिक्चर, त्यातला सांगलीत येतो एक. शो कधी? मंगळवारी, दुपारी सव्वाबाराला. कोण जाणार हो, मार्केट यार्डातले हळदीचे सौदे सोडून?

तरी जावं, तर खिडकीवरचा पोरगा मोबाईलमधून मान वर न काढता म्हणतो, "काका, पाच तिकिटं झाली तरच शो लावणार." म्हणजे प्रेक्षकही आता मीच गोळा करू? समोरच्या रसवंतीवरनं माणसं ओढून आणली, तर आत एसी बंद. (पॉपकॉर्नचं मशीन मात्र जोरात चालू.) आणि पिक्चर? अर्धा तास ड्रोननं नुसते उसाचे फड, मग हिरो मुंबईहून गावी परत. पुन्हा! दरवर्षी हा येतोच कसा?

वर निर्माते टीव्हीवर रडणार, "मराठी प्रेक्षक थिएटरात येत नाही." अहो, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं ते ह्याच गावात! येतो की प्रेक्षक. शनिवारी संध्याकाळी एक शो तर लावा!