आमच्या माळावर ग्रीन नाही, ब्राऊन आहे

शनिवार-रविवार पुण्यात गोल्फ खेळून आलो. हो, गोल्फच. आमच्या शाळेच्या 1994 च्या दहावीच्या बॅचचे चौघं, हौशी खेळाडूंच्या स्पर्धेत, शाळेचं नाव छापलेले टी-शर्ट घालून. फोटो टाकल्यापासून बॅचच्या ग्रुपवर जे चाललंय, त्याला एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा इथं एकदाच लिहितो.

सगळ्यात जास्त आलेला टोमणा: "लातूरला प्यायला पाणी नाही अन् हे गोल्फ खेळायलेत." बोलणाऱ्याचं काही चुकलं नाही. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा आम्ही चौघंही लातुरातच होतो. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याच्या आधीच मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती 144 कलम लागलं होतं. आमच्या घरी भांडी विसळलेलं पाणी बादलीत साठवून संडासाला वापरायचो. त्यामुळं गवताला पाणी पाजायचं म्हटलं की माझ्याही पोटात गोळा येतो. पण गोल्फला गवत लागतंच, हे कुणी सांगितलं?

आम्ही खेळतो ते औसा तालुक्यात, आमच्यातल्याच एकाच्या वडिलोपार्जित माळावर. मुरमाड रान, कुसळ, चार बोरी, बाभळी. त्यात कसेबसे पाच होल बसवलेत. नियमानं होलचा व्यास 108 मिलिमीटर. आम्ही पाइपलाइनचा 110 चा पीव्हीसी पाइप कापून पुरला. तो आतून थोडा कमीच भरतो, म्हणजे आमचा होल जरा कंजूष आहे. ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, जागी ब्राऊन. आपल्या देशातल्या जुन्या छावण्यांच्या मैदानांवर हीच पद्धत होती: वाळूत तेल कालवायचं, दाबून सपाट करायचं आणि त्यावर पट, म्हणजे चेंडू होलकडं घरंगळवणारा हलका फटका, मारायचा. आम्हीही गॅरेजमधलं जळकं ऑइल आणायला निघालो होतो, पण आमच्यातला कृषी सेवा केंद्रवाला आडवा पडला. "रानात ऑइल ओतलं तर मी येणार नाही." मग नुसती बारीक चाळलेली वाळू. प्रत्येकानं पट मारून झाला की आपल्या पावलांचे ठसे पोत्यानं ओढून मोडायचे. वारा सुटला की दर दहा मिनिटांनी पुन्हा पोतं.

ऑस्ट्रेलियात कूबर पेडी म्हणून ओपलच्या खाणींचं गाव आहे. तिथल्या गोल्फ मैदानावर गवताची काडी नाही. खेळणारे कृत्रिम गवताचा तुकडा बरोबर घेऊन फिरतात, त्यावर चेंडू ठेवून मारतात. दिवसा ऊन सोसत नाही म्हणून रात्री चमकणाऱ्या चेंडूंनी खेळतात. हे वाचल्यावर आमच्यातल्या डॉक्टरनं घरातलं जुनं पायपुसणं कापून आणलं. आजही आमचा टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, तेच पायपुसणं.

(आणि विटीदांडूची उपमा देऊ नका. विटी उडालेली असते तरी लागते. इथं चेंडू समोर निपचित पडलेला असतो आणि लागत नाही.)

पुण्यात पहिली फजिती नोंदणीच्या टेबलावरच. आमच्यात मिळून काठ्यांचा एकच जुना सेट. तिथं कळलं की एकाच्या पिशवीत जास्तीत जास्त 14 काठ्या चालतात आणि दुसऱ्या खेळाडूची काठी घेऊन मारता येत नाही. मग तीन सेट भाड्यानं. रेकॉर्ड नसल्यामुळं आम्हाला सरसकट 24 चा हँडिकॅप दिला. म्हणजे 18 होलमध्ये 24 फटके जास्तीचे माफ. एवढे माफ होऊनही आम्ही काय दिवे लावले ते पुढं.

गुणमोजणी स्टेबलफोर्डची. माफीचे फटके वजा करून 'पार', म्हणजे त्या होलसाठी ठरलेल्या फटक्यांत, होल झाला तर दोन गुण, एक फटका जास्त लागला तर एक, त्याहून जास्त लागले तर शून्य. चेंडू खिशात टाका आणि पुढं चला. ही पद्धत नवशिक्याला फार सांभाळून घेते. एका होलवर वाटोळं झालं तरी पुढचा होल कोऱ्या पाटीनं सुरू.

खरं नुकसान ग्रीनवर झालं. वाळूवर चेंडू अडतो, म्हणून आमचा हात जड. तिथं तेवढ्याच जोरानं मारलं की चेंडू होल ओलांडून पार पलीकडं उतारावर. पहिल्या दिवशी मी चार ठिकाणी चार-चार पट घेतले.

दुसऱ्या दिवशी बाराव्या होलवर डॉक्टरचा चेंडू झाडाखाली गेला. त्यानं जवळची वाळकी काडी उचलली आणि चेंडू जरासा घरंगळला. आम्ही सगळे लांब होतो, कुणालाच दिसलं नाही. त्यानंच हात वर केला, चेंडू जागेवर ठेवला आणि एक फटका दंड स्वतःच लिहायला सांगितला. आमच्याकडच्या टेनिस बॉल चषकात एका वाइडवरून स्टंप उपटलेले मी पाहिलेत. हा माणूस त्याच चषकांमध्ये वाढलाय. मी विचारलं, "कामून सांगितलंस?" म्हणाला, "इथं पंचच नाही. भांडू कुणाशी?"

बावीस संघांत एकोणिसावे आलो. जेवताना एकानं विचारलं, "लातूर म्हणजे ते पाण्याची रेल्वेवालं ना?" आम्ही हो म्हणालो आणि वाळूच्या ब्राऊनबद्दल सांगायला लागलो. त्याला वाटलं थट्टा चाललीय. तिथल्या माळ्याला मात्र लगेच समजलं. तो बीडकडचा निघाला. त्यानं एवढंच विचारलं, "पोतं ओलं करून ओढता का कोरडं?"

आता मुद्द्याचं. अमेरिकेतल्या आपल्या वर्गमित्रानं ग्रुपवर लिहिलंय की वर्गणी काढू, माळावर बोअर घेऊ, ठिबक टाकून लॉन करू, मग दरवर्षी शाळेची स्पर्धा आपल्याकडंच. भावा, तुझं मन मोठं आहे, पण माझा ठाम विरोध. त्या माळाच्या खालच्या अंगाला ज्यांच्या विहिरी आहेत, त्यांना मार्चमध्ये काय सांगायचं? आपल्याला पट नीट मारता यावेत म्हणून तुमचं पाणी खाली गेलं? हिरवळ बघून खेळाची चीड येते लोकांना, आणि बरोबर येते. हा श्रीमंतांचाच खेळ, हेही मला तितकंसं पटत नाही. दोनदा इंडियन ओपन जिंकलेला गोल्फपटू चौरसिया कोलकात्याच्या गोल्फ क्लबातल्या माळ्याचा पोरगा. पण गवत आलं की टँकर आला, टँकर आला की फी आली, आणि मग कुंपण. आज आमच्या माळावर गुराखी पोरं चेंडू शोधून देतात आणि मध्येच काठी मागून दोन फटके मारून जातात. त्यातल्या एकाचा फटका माझ्यापेक्षा लांब जातो.

स्पर्धा आपल्याकडं करायचीच असेल तर ब्राऊनवर करू. पुण्याच्या त्या संघांना बोलवा. बघू त्यांचे किती पट लागतात.

वर्गणीतून हवं असेल तर दोन जुने सेट, पन्नास चेंडू आणि गुराख्यांच्या पोरांसाठी बूट घ्या. पुढच्या रविवारी सकाळी सातला तिसऱ्या होलची वाळू नव्यानं चाळायचीय. चाळणी माझ्याकडं आहे, पोती कमी आहेत. येणाऱ्यानं एक घेऊन यावं.