मोठ्यापुढे नमलं की युद्ध टळतं? आधी असीरगड आठवा

गेले काही दिवस जामनेर-पाचोऱ्याकडच्या ग्रुपांवर एक संदेश फिरतोय: ‘छोट्या देशांनी शेजाऱ्यांशी लष्करी करार करू नयेत. आघाड्यांमुळेच 1914 चं महायुद्ध पेटलं. मोठ्याशी जुळवून घेतलं की तो हात लावत नाही.’ आमच्या आप्पांनीही तो पाठवला. आप्पा, तुमचा मान राखून सांगतो, हे खरं नाही.

शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण ते आपल्याच मातीत खोटं ठरलंय. खानदेशचा फारुकी सुलतान राजा अली खान अकबराशी जुळवून घेऊन होता. 1597 मध्ये गोदाकाठी अहमदनगर, विजापूर आणि गोवळकोंड्याच्या फौजा एकत्र आल्या, तेव्हा तो मोगलांच्या बाजूने लढला आणि रणातच पडला. चार वर्षांत, जानेवारी 1601 मध्ये, त्याच अकबराने त्याच्या मुलाकडून असीरगड हा बुऱ्हाणपूरजवळचा बळकट किल्ला घेतला. दोनशे वर्षांचं राज्य संपलं. मुलगा बहादूरखान अकबराच्या शहजाद्याच्या स्वागताला गेला नाही म्हणून हे घडलं, असं कुणी म्हणेल. मला नेमकं तेच खुपतं. एका भेटीच्या मानापमानावर अख्खं राज्य टांगलेलं होतं! आणि असीरगडचा वेढा चालू असतानाच अहमदनगरचा किल्लाही मोगलांच्या हाती पडला. एकेकटे गाठले गेले.

1914 मध्ये आघाड्यांनी युद्ध पसरवलं, हे मान्य. पण बेल्जियम कुठल्याच आघाडीत नव्हता, तरी 4 ऑगस्टला जर्मन फौजा त्यात घुसल्या.

एस्टोनिया, लाटविया, लिथुआनिया यांचंही तेच. 1939 मध्ये सोव्हिएत रशियाने तिघांना वेगवेगळं बोलावून करारावर सह्या घेतल्या, तळ उभारले आणि जून 1940 मध्ये तिघांवर ताबा मिळवला. आज ते नाटो या लष्करी आघाडीत आहेत. 2017 पासून तिथे मित्रदेशांच्या मिश्र तुकड्या आहेत. चढाई करायला त्या अगदीच अपुऱ्या, पण हल्ला झाला तर पहिल्याच दिवशी अनेक देशांच्या सैनिकांवर गोळी झाडावी लागेल, हे समोरच्याला आधीच दिसतं. मग अशा करारांना चिथावणी कसं म्हणायचं?

खरं काम तर याहून साधं असतं. या तिन्ही देशांचे बहुतेक रूळ रशियन मापाचे, 1520 मिलिमीटर रुंदीचे, शेजारच्या पोलंडचे 1435. म्हणजे सीमेवर माल एका गाडीतून दुसरीत चढवणं आलं. आप्पा, पाचोऱ्याला पीजेतून, म्हणजे पाचोरा-जामनेरच्या छोट्या रेल्वेतून, पोती उतरवून मोठ्या गाडीकडे न्यायची धावपळ तुम्हीच मला दाखवलीत. तिथे पोत्यांच्या जागी मदतीला येणारे रणगाडे समजा. म्हणून एस्टोनियाची राजधानी तालिनपासून पोलंडपर्यंत 1435 च्या मापाचा नवा मार्ग टाकणं चालू आहे. पाचोऱ्याच्या फलाटावर आपल्याला वेळ मिळायचा. त्यांना तो मिळणार नाही, हे ओळखून ते आत्ताच रूळ टाकताहेत.