फिर्यादीलाच आत टाका

डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला तर घाबरू नये. गाडी चालतेय ना? मग पहिले दोन महिने त्याच्यावर गणपतीचा स्टिकर लावून सहज निघतात. घरात कुणी विचारलंच तर ‘सेन्सरचं काहीतरी आहे’ म्हणावं. हे वाक्य आजवर कुणालाही खोटं पाडता आलेलं नाही.

अगदीच राहवलं नाही तर स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर मागवा आणि स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटात खुपसा. मला मोबाइलवर दिसलं ‘पी०१७१’. काही लोक इथे उगाच अभ्यासाला बसतात: पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सामाईक कोड, त्यानंतरचा १ म्हणजे हवा-इंधनाचं खातं. तुम्ही तो नाद करू नका. सरळ खालची ओळ वाचा: ‘सिस्टिम टू लीन, बँक १’. बँक म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला, पण हप्त्याचा संबंध नव्हता. सिलिंडरच्या रांगेला बँक म्हणतात. आपल्या तीन-चार सिलिंडरच्या गाडीत ती एकच असते.

लीन म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. ही खबर देतो सायलेन्सरच्या वाटेवर बसलेला ऑक्सिजन सेन्सर. मग गुन्हेगार कोण? ज्याने तक्रार नोंदवली तोच! मी तत्काळ नवा सेन्सर घेतला, साडेपाच हजारांना. कोड पुसला, दिवा विझला, पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. तिसऱ्या दिवशी सिग्नलला उभा असताना दिवा परत हजर.

कोड पुसणं मात्र चुकवू नका. कोड पडला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, वेग किती होता, भार किती होता, हे सगळं गाडी ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणून जपून ठेवते. कोडबरोबर तेही जातं. पंचनाम्याआधी फरशी धुऊन काढण्याचं समाधान काही औरच.

त्याच अ‍ॅपमध्ये फ्युएल ट्रिम नावाचे आकडे, म्हणजे हवेशी हिशेब जुळवायला गाडी पेट्रोल किती टक्के वाढवतेय किंवा कमी करतेय ते, फुकट दिसतात. फुकट असल्यामुळे त्यांच्याकडे बघू नये. माझी गाडी उभ्या जागी अधिक २२ टक्के दाखवत होती, रेस देऊन २५०० आरपीएमला नेली की अधिक ५. उभ्या गाडीचं इंजिन मुळात हवाच थोडी ओढतं, म्हणून चोरवाटेने आत येणारी हवा तिथे डोळ्यांत भरते. रेस दिली की चोरी किरकोळ ठरते. म्हणजे कुठेतरी फट. आकडा उलट रेस दिल्यावर चढला असता, तर पेट्रोलचा पंप नाहीतर फिल्टर तपासायचा. पण एवढं वाचत बसलो तर साडेपाच हजार खर्च कसे व्हायचे?

शेवटी कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेलो. (हा टप्पा कायम शेवटीच ठेवा.) मिस्त्रींनी स्कॅनरकडे बघितलंसुद्धा नाही. बॉनेट उघडलं, कान लावला आणि इंजिनमागचा करंगळीएवढा रबरी व्हॅक्यूम पाइप दोन बोटांनी चिमटला. थरथरणारं इंजिन एकदम शहाण्या मुलासारखं शांत झालं. पाइपाच्या खालच्या अंगाला दातांच्या बारीक खुणा. शेजारी शेंगांची टरफलं आणि अर्धी चपाती.

“साहेब, उंदीर आहे.”

पाइप १२० रुपये, मजुरी ‘द्या काहीतरी’. आता बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी टांगली आहे आणि सोसायटीत माझ्या चारित्र्याबद्दल चर्चा आहे. नवा सेन्सर परत करायला गेलो तर दुकानदार म्हणाला, “इलेक्ट्रिकल पार्टला रिटर्न नाही.” तेव्हा तो गाडीतच राहिला. जुना, अगदी ठणठणीत, कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलाय. तुमचा दिवा लागला की कळवा. आधी सेन्सरच बदलणार आहात, तर निदान माझ्याकडून स्वस्तात न्या.