खाण्याच्या सोड्याने मेंदूतले आम्ल धुतले जात नाही

‘रोज सकाळी अनशापोटी चमचाभर खाण्याचा सोडा पाण्यातून घ्या, रक्त अल्कधर्मी होईल, मेंदूच्या ग्लिया पेशींत साचलेला आम्लाचा कचरा धुऊन निघेल आणि विसरभोळेपणा जाईल; उपाय अगदी निरुपद्रवी आहे,’ असा संदेश सध्या घरोघरच्या मोबाइलवर फिरतो आहे. ग्लिया म्हणजे मेंदूत चेतापेशींच्या सोबतीला असणाऱ्या पेशी. वयस्कर माणसे तो मनावर घेतात, म्हणून त्यातला एकेक दावा तपासणे गरजेचे वाटते.

रक्त आहे त्याहून फारसे अल्कधर्मी होत नाही. रक्ताचा सामू (पीएच) 7.35 ते 7.45 एवढ्या अरुंद पट्ट्यात राहतो आणि निरोगी मूत्रपिंडे जादा अल्क लघवीवाटे टाकून देतात.

समजा रक्त थोडे बदललेच, तरी ते मेंदूपर्यंत तसेच पोहोचत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर कार्बन डायऑक्साइड चटकन ओलांडतो, बायकार्बोनेटला, म्हणजे सोड्यातल्या अल्कधर्मी घटकाला, मात्र तो सहज ओलांडता येत नाही. त्यामुळे शिरेतून झपाट्याने बायकार्बोनेट दिले, तर त्यापासून बनलेला कार्बन डायऑक्साइड आत शिरून मेंदूभोवतीचा द्रव काही काळ उलट अधिक आम्लधर्मी होऊ शकतो.

सर्वांत चुकीचा दावा म्हणजे ग्लिया पेशी निमूटपणे आम्ल साठवतात, हा. 1856 साली रुडोल्फ फिर्शो यांनी त्यांना चेतापेशी जोडणारा चिकट भरणा मानले होते. ती समजूत केव्हाच मागे पडली आहे. ग्लियांपैकी ॲस्ट्रोसाइट या तारकाकृती पेशींच्या पटलावर एक प्रथिन प्रोटॉन, म्हणजे आम्लता वाढवणारे हायड्रोजनचे कण, बाहेर ढकलून त्या बदल्यात सोडियम आत घेते आणि दुसरे सोडियमसोबत बायकार्बोनेट आत ओढते. शेजारच्या चेतापेशी काम करू लागल्या की बाहेर पोटॅशियम वाढते, ॲस्ट्रोसाइटच्या पटलावरचा विद्युतदाब बदलतो आणि हे दुसरे प्रथिन अधिक जोमाने चालते. मिचेल चेसलर आणि रिचर्ड क्रेग यांनी 1980च्या दशकात उंदरांच्या मेंदूच्या बाह्यकात (बाहेरच्या थरात) केसाहून बारीक काचेच्या सुया रोवून हेच मोजले: बाह्यकाला उत्तेजन देताच ग्लियाच्या आतला सामू वाढला. म्हणजे मेंदू कामाला लागतो तेव्हा या पेशी आतून अधिक अल्कधर्मी होतात, तेही कोणी सोडा न पाजता. शिवाय आत आलेले बायकार्बोनेट ग्लायकोजेन, म्हणजे पेशीतला साखरेचा साठा, मोडण्याचा इशारा देते आणि त्यातून तयार झालेले लॅक्टेट चेतापेशींना इंधन म्हणून मिळते. ज्याला हा संदेश ‘आम्लाचा कचरा’ म्हणतो, त्याचाच एक भाग असा वापरात येतो.

राहिला ‘निरुपद्रवी’ हा शब्द. चमचाभर, म्हणजे साधारण पाच ग्रॅम सोड्यात सुमारे 1.37 ग्रॅम सोडियम असते, तर जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसभरात 2 ग्रॅमपेक्षा कमी सोडियम सुचवले आहे. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या माणसाने डॉक्टरांना न विचारता हा प्रयोग मुळीच करू नये.