स्विच कुठेही बसवा, हाताला सवय होते? कुठली सवय!

अमोल यादवांनी कांदिवलीत गच्चीवर विमान बांधल्यापासून आपल्याकडे होमबिल्ट विमानांवर बोलणारे वाढलेत, चांगलंच आहे, पण त्यांच्यात एक मेसेज फिरतोय तो डोक्यात जातो. म्हणे घरी बांधलेल्या विमानात स्विच, व्हॉल्व्ह कुठेही बसवा, बांधणाराच उडवणार, सवय होते. आणि जॉन डेन्व्हरचं नाव काढलं तर म्हणे 'तो पिऊन होता, पेट्रोल संपलं, स्विचचा काय संबंध'.

शेवटापासून सुरू करतो. हा अमेरिकन गायक 12 ऑक्टोबर 1997 ला कॅलिफोर्नियात, माँटेरेजवळ, लाँग-ईझी विमानासकट समुद्रात पडून गेला. दारूपायी त्याचं मेडिकल सर्टिफिकेट गेलं होतं, म्हणजे तो उडायलाच नको होता हे मान्य, पण मृत्यूनंतरच्या तपासणीत दारू सापडली नाही. आता पेट्रोल. निघण्याआधी मेकॅनिकने पाहिलं तेव्हा उजव्या टाकीत अर्ध्याहून कमी आणि डावीत पावाहून कमी होतं, भरून घे म्हटलं तर हा नको म्हणाला, तासभरच जायचंय. ही चूक त्याचीच, अपघाताच्या तपास अहवालातही आहे. पण एक टाकी संपली की दुसरीवर टाकायचं असतं, आणि खरी गोची तिथेच होती.

लाँग-ईझीचं डिझाइन करणाऱ्या बर्ट रुटानच्या मूळ नकाशात टाकी बदलायचा व्हॉल्व्ह पायलटच्या पायांमध्ये आहे. बांधणाऱ्याला पेट्रोलचे पाइप कॉकपिटमध्ये नको होते (हेतू वाईट नव्हता हो) म्हणून त्याने तो डाव्या खांद्यामागे नेला. व्हॉल्व्हच्या दांडीवर खुणा नाहीत, त्यात दांडी उजवीकडे म्हणजे डावी टाकी! पेट्रोल किती उरलं ते मागे बघायला मेकॅनिकने आरसा दिला, आणि दांडीला व्हाइस-ग्रिप पक्कड लावून पाहिली तरी हात पोचेना.

जुनी मोटरसायकल पुलावर आचके द्यायला लागली की आपण खाली न बघता डावा हात टाकीखाली घालतो आणि कॉक रिझर्व्हला टाकतो, बरोबर? आता तोच कॉक मागच्या माणसाच्या फूटरेस्टखाली आहे असं समजा. किंवा खुर्चीवर पाय लांब करून बसा आणि उजवा हात डाव्या खांद्यामागे न्या, अंग वळतं आणि उजवा पाय आपोआप पुढे दाबला जातो. तपास करणाऱ्यांनाही हेच दिसलं, फक्त विमानात त्या पायाखाली रडरचं, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या सुकाणूचं, पेडल असतं. शिवाय लाँग-ईझीची स्टिक (विमान चालवायचा दांडका) उजव्या हाताला, म्हणजे तीही सोडायची, आणि हे सगळं जमिनीपासून काहीशे फुटांवर.

'बांधणाराच उडवणार' हे तर इथेच संपलं, कारण डेन्व्हरने विमान बांधलं नव्हतं, आदल्या दिवशीच ताब्यात घेतलं होतं. उड्डाणाचा अनुभव 2,700 तासांहून जास्त, पण या दांडीची सवय शून्य. होमबिल्ट विमानं विकली जातात राव, आणि तुमच्या हाताची सवय काही कागदपत्रांसोबत जात नाही.

आणि सवय असली तरी? दुसऱ्या महायुद्धात बी-17 या अमेरिकन बॉम्बर विमानाचे पायलट लँडिंगनंतर फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) आत घ्यायच्या ऐवजी चाकं आत घ्यायचे, विमान पोटावर. शिकलेले लोक होते, पण दोन्ही स्विच एकसारखे आणि शेजारीशेजारी. अल्फान्स चॅपानिस या मानसशास्त्रज्ञाने एकावर रबरी चाक आणि दुसऱ्यावर पाचर लावली, म्हणजे हाताला न बघता कळावं. एकसारख्या टॉगल स्विचची चकाचक रांग फोटोत छान दिसते एवढंच.

'मग सगळं टचस्क्रीनवर टाका' असाही एक मुद्दा आहे, त्याला फार वेळ देत नाही. खड्ड्यातून जाणाऱ्या एसटीत फोनवर पिन टाकून बघा.

पॅनल कापायच्या आधी पुठ्ठ्याचं करा, सीटवर बसा, पट्टे उडताना आवळता तेवढेच आवळा, उशी घेणार असाल तर तीही घ्या (डेन्व्हरला पेडलपर्यंत पाय पोचावेत म्हणून पाठीमागे लागली होती, त्याने व्हॉल्व्ह अजून लांब गेला), मग डोळे मिटून प्रत्येक स्विचला हात लावा. जिथे खांदा उचलावा लागला तिथे खूण करा आणि ती जागा बदला, पुठ्ठा वीस रुपयांचा आहे.