‘हे काय वाचन झालं?’

गेल्या रविवारी घरच्या ग्रुपवर दादाने माझ्या भाचीचा फोटो टाकला. नुकतीच दहावी झालेली पोर खिडकीत पाय वर घेऊन बसलीय, हातात पाचशे पानांची ड्रॅगनची कादंबरी. खाली दादाचा शेरा: ‘हे काय वाचन झालं?’ काकांनी री ओढली. 2024 साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि आपली पोरं बघा, प्रेमाच्या न् जादूच्या गोष्टींत बुडालीत. मी इकडे इंग्लंडमध्ये, रेडिंगला बसमध्ये होते. वाचता वाचता माझा स्टॉप मागे पडला.

अरे, पाचशे पानं! सोळा वर्षांची मुलगी फोन बाजूला ठेवून एवढं वाचते, तो फोटो कौतुकाने टाकायचा.

दादाचं दैवत खांडेकर. आमच्या सांगलीतच जन्मलेले, आणि ‘ययाति’ला ज्ञानपीठ, 1974 चं. मीही ती दोनदा वाचलीय, रडलेय. पण त्यात आहे काय? मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या, शापाने आलेलं म्हातारपण, बापाचं ते म्हातारपण अंगावर घेणारा मुलगा आणि एका राजापायी होरपळणाऱ्या देवयानी-शर्मिष्ठा. यातली जादू काढ, प्रेम काढ आणि काय उरतं ते मला सांग, दादा.

आमच्या घरात हे आजचं नाही. आई चंद्रकांत काकोडकरांच्या प्रेमकथा वाचायची, गादीखाली ठेवून. त्यांची ‘श्यामा’ ही गोष्ट 1962 च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला भरला गेला, प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं आणि 1969 मध्ये कोर्टाने ती अश्लील नाही असा निकाल दिला. कोर्टाने सोडलं, पण आमच्या घराने नाही. आईचं पुस्तक गादीखालीच राहिलं. मी मिल्स अँड बून वाचले ते भूगोलाच्या पुस्तकात घालून.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. शनिवारी लायब्ररीत टीन शेल्फवरची सहा पुस्तकं उचलते, नोंद करायच्या मशीनवर ठेवते, निघते. शाळेतल्या लायब्रेरियन बाई तिच्यासाठी पुढचा भाग राखून ठेवतात. हे मी ग्रुपवर लिहिलं. दादाचं उत्तर आलं, ‘तुझं तिकडचं तिकडेच ठेव.’

या पुस्तकांतलं सगळंच मला पटतं असं नाही. नायक पाळत ठेवतो, धमकावतो आणि त्याला प्रेम म्हणायचं, अशी कितीतरी मी अर्ध्यावर टाकून दिली. मुखपृष्ठावर गोड कार्टून आणि आत निव्वळ मोठ्यांचा मामला, हे तर मला अजिबात खपत नाही. पण हा आक्षेप वाचलेल्या माणसाने घ्यावा. दादाने एक पान उलटलेलं नाही. चांगल्या प्रेमकथेत दोघं शेवटी एकत्र येणार हे पहिल्या पानापासून माहीत असतं. तरीही त्यांच्यात खरी अडचण उभी करायची, आता काही हे जमत नाही असं वाचणाऱ्याला वाटायला लावायचं आणि मग ती गाठ न तोडता सोडवायची, याला हात बसलेला लागतो. जादूच्या गोष्टीत तर लेखकाने स्वतः घातलेला नियम एकदा मोडला की माझी भाची पुस्तक मिटते. एवढी पारख मला सोळाव्या वर्षी नव्हती.

‘तिकडचं’ हा शब्द मात्र लागला. दोन दिवस डोक्यातून जाईना. माझ्या मुलीला पुस्तक लपवावं लागत नाही हे मी तोऱ्यात सांगितलं, पण आईचं ते गादीखालचं पुस्तक तिच्या हातात दिलं तर तिला पहिलं वाक्यसुद्धा वाचता येणार नाही. देवनागरीत ती आपलं नाव लिहिते, सांगलीत दुकानांच्या पाट्या अक्षर अक्षर लावून वाचते, बस. शिकवायचं मीच पुढे ढकलत गेले. भाची दोन्ही भाषांत वाचते. हे मी दादाला अजून बोललेले नाही.

काल दोघी व्हिडिओ कॉलवर त्याच ड्रॅगनवरून तासभर भांडत होत्या, भाची मराठीतून, माझी इंग्रजीतून. मध्येच माझी ओरडली, ‘पण तो मरायला नको होता ना गं, ताई!’ मी गॅस बारीक केला आणि दाराशी जाऊन उभी राहिले.