‘एम.सीएच. नसेल तर दुर्बिणीचं ऑपरेशन बेकायदा’ – हा मेसेज चुकीचा आहे

पित्ताशय, अपेंडिक्स किंवा हर्नियाचं दुर्बिणीतून ऑपरेशन करायला एम.सीएच. (एम.एस.च्या पुढची पदवी) लागते, नुसत्या एम.एस. सर्जनला परवानगी नसते, असा मेसेज फिरतोय. असा नियम नाही.

एम.एस. जनरल सर्जरी ही एम.बी.बी.एस.नंतरची 3 वर्षांची पदवी. ही तिन्ही ऑपरेशनं जनरल सर्जरीच्याच कक्षेत येतात. एम.सीएच. किंवा डीआरएनबी हे त्यापुढचं शिक्षण युरोलॉजी, न्यूरोसर्जरी, हृदयशस्त्रक्रिया अशा वेगळ्या शाखांसाठी असतं. नावापुढची एफ.एम.ए.एस., एफ.आय.ए.जी.ई.एस. ही अक्षरं फेलोशिपची. प्रशिक्षण म्हणून चांगलंच, पण कायद्याची अट नव्हे.

पित्ताशय काढताना खरा धोका मुख्य पित्तनलिका चुकून कापली जाण्याचा. म्हणून क्लिप (नळी बंद करणारा छोटा चिमटा) लावण्याआधी पित्ताशयात शिरणारी नळी आणि रक्तवाहिनी, या दोनच गोष्टी स्पष्ट मोकळ्या दिसायला हव्यात. सूज फार असेल आणि त्या दिसत नसतील, तर पोट उघडणं हा शहाणपणा असतो, अपयश नव्हे. ही नजर सरावाने येते. मात्र नलिकेला इजा झालीच, तर दुरुस्तीसाठी यकृत-पित्तमार्गाच्या तज्ज्ञाकडेच जावं. तिथे जादा पदवी खरंच कामाची.

सर्जनना विचारायचं ते हे: अशी ऑपरेशनं तुम्ही नियमित करता का, आणि अडचण आली तर पुढची सोय काय? पदवीची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येते.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. तो वाचून कुणी ठरलेलं ऑपरेशन पुढे ढकललं असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला.